पक्षी नाही, मग डोंगर मोकळा?

गेल्या गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाने वादविवाद ठेवला होता. विषय होता, ‘अभयारण्यातील गिट्टीच्या खाणींचा विस्तार होऊ द्यावा काय?’ बाजूने बोलणाऱ्या एका निवृत्त अभियंत्यांनी पहिल्याच मिनिटात सभागृह खिशात घातले. ज्या सोनचिरैयासाठी, म्हणजे माळढोकासाठी, घाटीगावचे अभयारण्य केले, ती कित्येक वर्षांत कुणाच्या दृष्टीला पडलेली नाही. मग एवढे रान आपण राखतो आहोत ते नेमके कोणासाठी, असा त्यांचा सवाल होता. विरोधात बोलणाऱ्या तरुणीने धरणीमाता, निसर्गाचा कोप आणि पुढच्या पिढ्या यांना साकडे घातले. टाळ्या तिलाही मिळाल्या, पण जरा कमी. मी परीक्षकांच्या शेजारी बसून दोघांनाही ऐकत होतो, आणि घरी परतेपर्यंत अस्वस्थ होतो, कारण परस्परांविरुद्ध बोलणाऱ्या या दोघांचे मूळ गृहीत एकच होते. अभयारण्य म्हणजे एखाद्या प्राण्याला नेमून दिलेले घर. तो राहत असेल तर घर राखायचे, आणि भाडेकरू निघून गेला असेल तर जागा मोकळी.

संरक्षित क्षेत्रात खाणीचा विस्तार होऊ देऊ नये, हे माझे मत आहे. मात्र ते मी माळढोकाच्या भरवशावर मांडत नाही. ग्वाल्हेरच्या पश्चिमेचा आणि दक्षिणेचा हा खडकाळ, करधईच्या झाडांनी झाकलेला प्रदेश पाणी मुरवतो, माती धरून ठेवतो, गावांना चराई आणि सरपण देतो, आणि शहराच्या पिण्याच्या तलावाकडे वाहणाऱ्या ओढ्यांना वर्षाचे काही महिने जिवंत ठेवतो. ही कामे पक्षी असताना चालू होती आणि पक्षी नसतानाही चालू आहेत. माळढोक हा त्या कामाचा साक्षीदार होता, आणि साक्षीदार गेला म्हणून खटला निकाली निघत नाही.

अभियंत्यांच्या प्रश्नाला मात्र एक खरा इतिहास आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८१ साली माळढोकासाठी शिवपुरी जिल्ह्यात करैरा आणि ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगाव अशी दोन अभयारण्ये झाली. करैऱ्याच्या सुमारे २०० चौरस किलोमीटरमध्ये शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी मोठ्या प्रमाणात अडकल्या. जमीन विकता येईना, काळविटे वाढून पिके खाऊ लागली आणि भरपाईसाठी खेटे घालून लोक दमले. पक्षी वाचवण्याच्या नावाखाली आपल्याला वेठीला धरले आहे, अशी भावना गावोगाव पसरली. नव्वदच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला, तेव्हा दुःख करणारे फारसे कोणी उरले नव्हते. अखेर २०२२ मध्ये ते अभयारण्यच रद्द करण्यात आले. त्या शेतकऱ्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती. ज्यांची जमीन, त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली आणि त्या रेघेची किंमत त्यांनीच चुकवली. पूर्वीची शिकारगाह आणि नंतरचे अभयारण्य यांत गावकऱ्याच्या दृष्टीने फरक तो काय, या प्रश्नाला वन्यजीवप्रेमींनी अजूनही नीट उत्तर दिलेले नाही.

पण करैऱ्याचा दाखला घाटीगावच्या डोंगराला लावणे ही चलाखी आहे. करैऱ्याच्या शेतकऱ्याने आपले शेत विकले, तरी पुढच्या वर्षी तिथे शेतच असते. हरभरा नाही तर मोहरी. डोंगर खाणीला दिला की पुढच्या वर्षी तिथे डोंगर नसतो. पहिल्या मागणीमागे अन्यायाची दुरुस्ती होती. दुसऱ्या मागणीत त्या दुरुस्तीची सहानुभूती उसनी घेऊन दगड मागितला जातो. आणि या दुसऱ्या मागणीत गावकरी असतो कुठे? जनसुनावणीच्या इतिवृत्तात त्याचा अंगठा सापडतो, रॉयल्टीच्या हिशेबात तो नसतो.

आता माझ्या बाजूची अडचणही सांगून टाकतो. मी ज्या घरात राहतो त्याचे छत दगडी पटियांचे, म्हणजे लांब फरश्यांचे आहे. आजोबांच्या काळी बैलगाडीतून आलेल्या त्या पटिया अजून छिन्नीच्या खुणांसकट डोक्यावर आहेत, आणि मेच्या दुपारी त्यांच्याखालचा गारवा मला सिमेंटच्या छताखाली कधी मिळालेला नाही. हे सारे शहरच दगडाचे आहे. गोपाचलाच्या, म्हणजे किल्ल्याच्या डोंगराच्या कड्यात पंधराव्या शतकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती काय, मानसिंहाचा महाल काय, सगळे याच मातीतले, म्हणजे याच खडकातले आहे. तेव्हा दगड काढणे हेच पाप, असे म्हणणारा ग्वाल्हेरकर मला दांभिक वाटतो. शिवाय आज गरज वाढली आहे. आग्रा ते ग्वाल्हेर सुमारे ८८ किलोमीटरच्या सहापदरी द्रुतगती मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या पायात घालायची गिट्टी आकाशातून पडणार नाही. गिट्टी दुरून आणली तर ती महाग पडते, रस्ता महाग पडतो, आणि डंपरच्या डिझेलचा धूर वेगळाच. हा मुद्दा खरा आहे आणि विरोधकांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

मग अडते कुठे? अडते ते ‘विस्तार’ या शब्दापाशी. हा शब्द असा वापरला जातो, की जणू आहे त्याच कामात थोडी भर. खाण आहेच, तिथे आणखी पाच हेक्टर. मुळात ५१२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात पाच हेक्टर म्हणजे शेकडा एक शतांश. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून असा आकडा ऐकला की हात आपोआप कंपासपेटीकडे जातो. पाच हेक्टरचा एक गोल खड्डा धरा. सुरुंगाचा हादरा, क्रेशरची धूळ, रात्रीचे दिवे आणि डंपरची वर्दळ यांचा उपद्रव त्याच्या काठापासून फक्त अर्ध्या किलोमीटरपर्यंत पोचतो, असे मानू. हे मानणे खाणवाल्यांच्या फायद्याचेच आहे. तरीही बाधित क्षेत्र १२३ हेक्टर भरते, म्हणजे खड्ड्याच्या जवळजवळ पंचवीसपट. असे चार खड्डे एका रस्त्याच्या कडेने ओळीने काढले, की त्यांची वर्तुळे एकमेकांना भिडतात आणि रानाच्या मधोमध एक भिंत उभी राहते. ती कोणत्याही कागदावर दिसत नाही, पण चिंकारा आणि तरस ती सहसा ओलांडत नाहीत. पखुर्डी, धाविक, रातवा, चंडोल हे तर जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी. त्यांच्यासाठी उघडा, दगडगोट्यांचा माळ म्हणजेच झाड आणि म्हणजेच घरटे. सरकारी दप्तरात त्याच माळाचे नाव मात्र ‘पडीक’.

आणि विस्तार फक्त आडवा होत नाही, उभाही होतो. बिलौआच्या बाजूला गेलेल्या प्रत्येकाने ते खड्डे पाहिले असतील, ज्यांच्या तळाशी उभा असलेला डंपर काठावरून खेळण्यासारखा दिसतो. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांमध्ये. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की त्या भेगा कापल्या जातात आणि पाणी विहिरीऐवजी खाणीकडे धावते. काम चालू राहावे म्हणून खाणवाला ते रात्रंदिवस उपसून नाल्यात सोडतो. वर पहिल्या पन्नास फुटांपर्यंत निरुपद्रवी वाटलेली खाण पुढच्या पन्नास फुटांत आसपासच्या विहिरींची वैरी होते, ती अशी. म्हणजे दुप्पट खोलीचे नुकसान दुप्पट नसते. एका मर्यादेपलीकडे त्याची जातच बदलते. जुन्या खाणीने काही बिघडले नाही, मग विस्ताराने काय बिघडेल, हा युक्तिवाद नेमका इथे कोसळतो.

खडकाला मुका आणि घट्ट समजण्याची किंमत या शहराने एकदा मोजलेली आहे. सांक नदीवर तिघऱ्याचे धरण १९१६ मध्ये बांधून झाले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले. भिंत दगडी होती, मजबूत होती. पण पायाखालच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी झिरपत गेले आणि वरची भिंत त्याला पुरी पडली नाही. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. धरण पुन्हा बांधले गेले आणि आज त्याच तिघऱ्याच्या पाण्यावर ग्वाल्हेरचे नळ चालतात. धरण फुटणे आणि खाण खोदणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला ठाऊक आहे. सारखी आहे ती चूक. खडकाच्या पोटातून पाणी कसे चालते हे न पाहता त्याच्या माथ्यावर निर्णय घेतले गेले. तिघऱ्याच्या पाणलोटाचे रान आणि अभयारण्याचे रान एकमेकांत मिसळलेले आहे, आणि तिथला वरचा थर उकरला की पहिल्या पावसात ती माती आणि क्रेशरची भुकटी ओढ्यांवाटे तलावाच्या तळाशी जाऊन बसणार. गाळाने भरत चाललेल्या तलावाची क्षमता परत मिळवायला किती पैसा लागतो, तो गिट्टीच्या दरात कोणी धरला आहे काय? गिट्टी जवळ मिळते म्हणून स्वस्त, असे आपण म्हणतो. ती स्वस्त आहे, कारण तिच्या बिलाचा निम्मा भाग दुसऱ्याच खात्यावर पडतो.

विस्ताराच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद त्या संध्याकाळी कोणी मांडलाच नाही, म्हणून तो मीच मांडतो. चोरटे उत्खनन होतेच आहे. बंदी कागदावर राहते आणि दगड रात्री जातो. त्यापेक्षा मर्यादित क्षेत्रात परवाना द्यावा, महसूल मिळवावा, अटी घालाव्यात आणि लक्ष ठेवावे. राष्ट्रीय चंबळ अभयारण्यातून २०२३ मध्ये सुमारे २०७ हेक्टर क्षेत्र रेतीसाठी वगळताना याच धर्तीचा विचार पुढे केला गेला होता. वरवर तो शहाणपणाचा आहे, आणि चंबळेच्या खोऱ्यात बंदीची जी दशा झाली ती पाहता त्याला हसता येत नाही. २०१२ च्या मार्चमध्ये मुरैना जिल्ह्यात बानमोरजवळ दगडांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अडवायला गेलेले तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्रकुमार तिच्याच चाकाखाली चिरडले गेले, हे इथला कोणीही विसरलेला नाही.

तरीही या युक्तिवादाचा एक सांधा निखळलेला आहे. पूर्ण बंदी असलेल्या जागी रेतीने भरलेली ट्रॉली हाच गुन्ह्याचा पुरावा असतो. शिपायाला फक्त डोळे लागतात. त्याच जागेच्या शेजारी एक कायदेशीर रेतीघाट सुरू झाला की प्रत्येक ट्रॉलीपाशी रॉयल्टीची पावती निघते, आणि ती रेती पावतीवरच्या घाटाची की दोन मैलांवरच्या मगरींच्या राखीव घाटाची, हे सिद्ध करण्याचा भार शिपायावर येतो. म्हणजे परवान्याने चोरी शिस्तीत येते असे नाही, तिला लपायला जागा मिळते. घडियालाची, म्हणजे सुसरीची मादी मार्च-एप्रिलमध्ये काठावरच्या उंच रेतीत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर पडतात. बांधकामाचा आणि रेतीच्या मागणीचा जोरही त्याच महिन्यांतला. ‘मर्यादित’ उत्खननाला तेवढेच दोन-तीन महिने थांबायला सांगून पाहा.

बटेश्वरची गोष्ट तर याहून विचित्र आहे. मुरैना जिल्ह्यातली प्रतिहारकालीन देवळांची ती वसाहत शतकानुशतके ढिगाऱ्यात पडून होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून एकेक दगड ओळखून ती पुन्हा उभी करायला घेतली. त्या काळी तिथे डाकूंचा वावर होता आणि त्यांच्या धाकाने खाणवाले फिरकत नसत. डाकू गेले, खाणवाले आले, आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी नव्याने उभारलेल्या देवळांना इजा होऊ लागली. कायदा होता, पुरातत्त्वाचा निळा फलकही होता. पण इतकी वर्षे त्या दगडांचे रक्षण करत होती ती बंदुकीची भीती. यावरून कोणी ‘कायद्याचा उपयोगच नाही’ असा निष्कर्ष काढेल. मी उलटा काढतो. जिथे राखण करणारा हात इतका दुबळा आहे, तिथे त्याच्या हातात आणखी गुंतागुंतीचे, अटी-शर्तींचे, हेक्टर मोजण्याचे काम देणे म्हणजे ती राखण सोडून देण्याची सभ्य पद्धत होय.

कायद्याची बाजू आज तरी स्पष्ट आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या हद्दीत, तसेच हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ च्या आदेशात कायम ठेवले; आदल्या वर्षीच्या जूनमधल्या आदेशातल्या इतर काही अटी सैल करतानाही ही एक सैल केली नाही. म्हणून आता कोणी अभयारण्याच्या आत खाण मागत नाही. हद्दच थोडी सरकवा, असे म्हणतात. ‘अभयारण्यातील खाणींचा विस्तार’ हा वाद प्रत्यक्षात नकाशाच्या रबराचा वाद आहे, आणि आधी रेघ पुसायची व मग खाण बाहेरच आहे असे म्हणायचे, ही रीत जुनी आहे. ज्याने एकेकाळी पर्यावरण परवानगी टाळण्यासाठी एका खाणपट्ट्याचे पाच हेक्टरांखाली बसणारे तुकडे पाडले, त्याच्याच डोक्यातून हीही युक्ती निघते. त्या तुकड्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात आडकाठी घातली, तरी तुकडे पाडणारी वृत्ती गेली नाही.

राहता राहिला मजूर, आणि त्याला मी मुद्दाम शेवटी ठेवलेले नाही. वादात तो सगळ्यांत आधी काढला जातो आणि सगळ्यांत आधी विसरला जातो, एवढेच. इथल्या खाणींत दगड फोडणारे पुष्कळ लोक सहरिया आदिवासी आहेत. खाण बंद झाली की चूल विझते, हे खरे. पण खाण चालू असताना छातीत काय साठते हेही खरे. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, त्यावर उतारा नाही, आणि गावाकडे त्याला बहुधा टीबी समजून औषधे दिली जातात. अशा रोजगाराचा विस्तार मागणाऱ्याने आपल्या मुलाला तिथे पाठवण्याची तयारी दाखवावी. १९८५ मध्ये डेहराडूनच्या खोऱ्यातल्या चुनखडीच्या बऱ्याच खाणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला होता. मजुरांची अडचण न्यायालयाने नाकारली नाही, तर त्याच उद्ध्वस्त डोंगरांवर झाडे लावण्याच्या कामात त्यांना शक्य तितके सामावून घ्यावे, असे सुचवले. पुढच्या दशकात सरिस्कातल्या खाणींनाही न्यायालयाने रोखले. दोन्ही ठिकाणी आज सगळे आलबेल आहे असे नाही, पण हात रिकामे होतात म्हणून डोंगर रिकामे करा, हे तर्कशास्त्र तिथे चालले नाही.

मग गिट्टी आणायची कुठून? बंदी मागणाऱ्याने याचे उत्तर द्यायला हवे, आणि माझे उत्तर अपुरे आहे हे आधीच मान्य करतो. रेती वाचवायची म्हणून दगड दळून केलेली एम-सँड वापरा म्हटले, तर नदीवरचा ताण डोंगरावर सरकतो. पाडलेल्या इमारतींचे काँक्रीट भरडून पुन्हा वापरता येते. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत तशी गिट्टी घालायला मोकळीक दिली आहे. आपल्या शहरात मात्र पाडलेल्या वाड्यांचा मलबा रात्री नाल्यात रिचवला जातो आणि सकाळी नव्या इमारतीसाठी नवा डोंगर फोडला जातो. एवढ्याने द्रुतगती मार्ग होणार नाही. उरलेली गिट्टी संरक्षित क्षेत्राबाहेरच्या परवानाधारक खाणींतूनच येईल, दुरून येईल आणि महाग पडेल. ती महाग पडू द्यावी, असे माझे म्हणणे आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात वाढलेला आकडा निदान सगळ्यांना दिसतो आणि त्यावर वाद घालता येतो.

त्या वादविवादानंतर काही आठवड्यांनी मी तिघऱ्याच्या पलीकडच्या एका गावात गेलो होतो. खाण गावापासून फार दूर नाही. वाटेवरच्या करधईच्या पानांवर राखाडी लेप बसलेला, बोट फिरवले की खालचा हिरवा दिसे. विहिरीवर पाणी ओढणाऱ्या एका बाईला मी पाण्याबद्दल विचारले, तेव्हा तिने उत्तर न देता दोर हातात दिला. मूळ सुती दोराला पुढे वेगळ्या रंगाचे नायलॉनचे तुकडे जोडलेले होते, तीन ठिकाणी, जाड गाठी मारून. प्रत्येक गाठ कोणत्या उन्हाळ्यात मारली, हे तिला पाठ होते. पाणी खाणीमुळे उतरले, की शेतांतल्या बोअरमुळे, की त्या वर्षी पाऊस कमी पडल्यामुळे, हे त्या दोरावरून सांगता येत नाही, आणि मी ते सांगणारही नाही. मी सरपंचांना विचारले, की विस्ताराच्या कागदपत्रांत या विहिरीची पातळी कुठे नोंदली आहे काय. ते म्हणाले, मोजायला अजून कोणी आलेले नाही. आणि दोर आणखी पुरत नाही म्हणून ती बाई चौथा तुकडा शोधत होती.